स्पॅनिश १ सोडू की रेटू? (वय ४७, जीभ मराठी)

मिरजवाली | ३ सप्टेंबर, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. प्रश्न शेवटी आहे, आधी रडगाणं ऐकून घ्या.

मी मिल्पितासला राहते, सॅन होजेच्या शेजारी, १४ वर्षं झाली. एका दातांच्या दवाखान्यात फ्रंट डेस्कवर बसते. निम्मे पेशंट मेक्सिकोकडचे. माझ्या शेजारी बसणारी फोन उचलला की विचारायची, "तिएने सिता?" नवीन होते तेव्हा मला वाटायचं, ही सारखी कुठल्या सीतेची चौकशी करते? सिता म्हणजे अपॉइंटमेंट. तेवढ्या एका शब्दावर मी दोन वर्षं काढली.

मे महिन्यात ती बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि फोन माझ्या गळ्यात पडला. "वन मिनिट, वन मिनिट" म्हणत आतल्या असिस्टंटला हाका मारायच्या, तिच्या हातात सक्शनची नळी, ती मानेनंच नाही म्हणायची. एकदा एक आजी आली. गालावर हात धरून तिनं मला अख्खी कहाणी सांगितली, कधीपासून, काय खाल्लं, रात्री काय झालं, सगळं असणार त्यात. मला एक अक्षर कळलं नाही. शेवटी ती दमली आणि खुर्चीत जाऊन बसली. त्या रात्री मी कम्युनिटी कॉलेजची साइट उघडली.

स्पॅनिश १. पाच युनिटचा कोर्स, सोमवार-बुधवार संध्याकाळी ६ ते ८:२५. फी युनिटला ४६ डॉलर, म्हणजे २३०. म्हटलं, स्वस्त आहे. मग कळलं की गृहपाठ ज्या पोर्टलवर करायचा त्याचा कोड वेगळा विकत घ्यायचा, आणि तो शंभराच्या वर. (ह्यावर वेगळा धागा काढेन, आत्ता तोंड खराब करत नाही.)

वर्गात माझ्यानंतरची सर्वांत वयस्क मुलगी २३ वर्षांची. निम्म्या पोरांच्या घरी आजी-आजोबा स्पॅनिश बोलतात. ती कागदावर बिगिनर आहेत, पण बाईंनी विनोद केला की हसतात. मी त्यांच्याकडे बघून अर्ध्या सेकंदानं हसते. बाई पहिल्या दिवसापासून इंग्रजी बोलत नाहीत. हातवारे, चित्रं, पुन्हा हातवारे. वाईट नाहीत हो, जीव तोडून शिकवतात, पण मला ८:२५ ला गाडीत बसल्यावर दोन मिनिटं स्टिअरिंगवर डोकं टेकावं लागतं.

आता माझे पराक्रम. बाईंनी फळ्यावर लिहिलं: यो आब्लो, म्हणजे मी बोलतो. खाली कुठेतरी आब्ला. मी मनात पक्कं केलं: बोलतो-बोलते. पुरुषांनी आब्लो म्हणायचं, बायकांनी आब्ला. आठवडाभर छातीठोकपणे "यो आब्ला इंग्लेस" म्हणत फिरले. आब्ला म्हणजे 'तो किंवा ती बोलते' हे मला एका १८ वर्षांच्या पोरानं कॉफी मशीनपाशी सांगितलं.

दुसरा पराक्रम बुधवारचा. 'मि फामिलिया', आपल्या घरच्यांविषयी चार वाक्यं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "मि बाबा बिबे एन मिरज." मागच्या बाकावर स्फोट. स्पॅनिशमध्ये बाबा म्हणजे लाळ. माझी लाळ मिरजेत राहते! बाईंनी हळूच सुधारलं, "पापा". मी म्हटलं, "मि पापा बिबे एन मिरज." पुन्हा स्फोट. दुसऱ्या पा वर जोर दिला तर बाप, पहिल्यावर दिला तर बटाटा. दोन मिनिटांत आमच्या बाबांची लाळ झाली आणि बटाटा झाला. ८१ वर्षांचे आहेत, पेन्शनर आहेत, त्यांना काही कळवलेलं नाही.

घरी वेगळाच तमाशा. मी सराव म्हणून दार उघडताना "ओला" (म्हणजे हॅलो) म्हणते, तर नवरा म्हणतो, दुष्काळ का? मुलाचं हायस्कूलमधलं स्पॅनिशचं तिसरं वर्ष आहे, तो मदत करत नाही. म्हणे, आई तुझा ॲक्सेंट ऐकून मला कसंतरी होतं.

तर प्रश्न. ह्या रविवारपर्यंत सोडलं तर ट्रान्सक्रिप्टवर काहीच दिसणार नाही. नंतर सोडलं तर W, म्हणजे 'मधेच सोडला' असा शेरा. मला डिग्री नको, कुठे ट्रान्सफर व्हायचं नाही. सोडू का? नसेल सोडायचं, तर माझ्या वयाच्या माणसानं हे डोक्यात शिरवायचं कसं? मी प्रत्येक वाक्य आधी इंग्रजीत करते, मग स्पॅनिशमध्ये. तोवर वर्ग पुढे गेलेला असतो.

---

उंटावरचा_शहाणा | ४ सप्टेंबर, सकाळी ६:१५

फोनमध्ये बोललेलं भाषांतर करून देणारी ॲप्स आहेत. फुकट. २३० डॉलर आणि आठवड्याच्या दोन संध्याकाळी वाचतील. शिवाय अमेरिकेत राहायचं तर इंग्रजी त्यांनी शिकावं की स्पॅनिश तुम्ही? आणि जाता जाता, चिरंजीवांना मराठी लिहिता येतं का?

---

हेवर्डकर | ४ सप्टेंबर, सकाळी ९:०२

मिरजवाली ताई, मी अशाच एका कॉलेजात स्पॅनिश १ आणि २ केलं, नोकरी सांभाळून. आधी कागदपत्रांचं.

W ला घाबरू नका. त्यानं जीपीए (ग्रेडची सरासरी) हलत नाही आणि तुम्हाला जीपीए दाखवायचा तरी कोणाला आहे? रविवारची तारीख डोक्यातून काढा. W घेऊन सोडायची मुदत सत्राचा बराच भाग उलटेपर्यंत असते, तोवर कळेलच काय ते. त्यापेक्षा पोर्टलवर पास/नो पासचा पर्याय शोधा. C किंवा वर मिळालं की नुसतं P लागतं. त्याचीही मुदत असते, ती मात्र आजच बघून ठेवा.

पुस्तक लायब्ररीत रिझर्व्हला असतं, तिथेच बसून वाचायचं. पोर्टलच्या कोडला पर्याय मला सापडला नव्हता, मीही शिव्या घालतच भरले पैसे.

आता त्या हसणाऱ्या पोरांचं. आमच्या वर्गातही होती. काही कॉलेजांत त्यांच्यासाठी वेगळा कोर्स असतो, पण वेळ जुळत नाही म्हणून ती इकडे येतात. ती बोलण्यात आपल्या दहा पावलं पुढे, पण लिहायला बसली की गळपटतात. ब आणि व चा उच्चार एकच, ह चा उच्चारच नाही, त्यामुळे कानानं भाषा शिकलेल्यांना स्पेलिंग कळत नाही. माझ्या शेजारचा आजीशी फडाफडा बोलायचा आणि पेपरात h खायचा. आम्ही सौदा केला. मी त्याची स्पेलिंगं बघायचे, तो माझ्याशी पंधरा मिनिटं पार्किंगमध्ये गप्पा मारायचा. तुमचा तो कॉफी मशीनवाला धरून ठेवा.

---

मिरजवाली | ४ सप्टेंबर, दुपारी १:१०

@हेवर्डकर, खूप आभार. P चं बघितलं, मुदत आहे अजून.

@उंटावरचा_शहाणा, ॲप वापरून पाहिलंय. आजीचं तोंड सुजलेलं, मागे कॉम्प्रेसर चालू, ॲपनं काय ऐकलं देव जाणे, मला इंग्रजीत 'चर्च' असं काहीतरी दाखवलं. आणि कोणी काय शिकावं म्हणाल, तर सॅन होजे १७७७ साली वसलं ते स्पॅनिश बोलणाऱ्यांनी वसवलं. इंग्रजीवाल्यांच्या ताब्यात आलं १८४६ साली, मेक्सिकोशी युद्ध सुरू झाल्यावर. मी ज्या गावात १४ वर्षं घरभाडं भरतेय त्या मिल्पितासचा अर्थ मला मागच्या आठवड्यात कळला: मक्याची लहान शेतं. जवळचं लॉस गातोस गाव म्हणजे मांजरं. एल कामिनो रेआल म्हणजे आपला राजरस्ता. मी रोज राजरस्त्यानं कामाला जाते आणि मला पत्ताच नाही! मुलाला मराठी वाचता येतं, लिहिताना वेलांट्या चुकतात. तुमच्याही चुकत असतील.

---

बोरूबहाद्दर | ४ सप्टेंबर, रात्री १०:३० (पुणे)

मी पुण्यात १२ वर्षं स्पॅनिश शिकवतो, ए१ आणि ए२, म्हणजे सुरुवातीच्या दोन पायऱ्या. ताई, तुमच्या सगळ्या पोस्टमधलं मला शेवटून दुसरं वाक्य खटकलं. आधी इंग्रजी, मग स्पॅनिश. मिरजेहून सांगलीला जायला मुंबईमार्गे का जाता? इंग्रजीला मधे घेऊच नका.

तुमच्या वर्गातली अमेरिकन पोरं लवकरच एका ठिकाणी आडवी होतील. 'मला आंबा आवडतो' हे स्पॅनिशमध्ये "मे गुस्ता एल मांगो". इंग्रजी डोक्याला वाटतं आवडणारा मी, म्हणून क्रियापद माझ्याप्रमाणे चालावं. मराठी डोक्याला हे सांगावंच लागत नाही. मला आवडतो, आंबा आवडतो, आंबे आवडतात. मे गुस्ता, मे गुस्तान. आंबे अनेक झाले की क्रियापद अनेकवचनी, मी आपला 'मला' म्हणून बाजूला. तुमच्या दवाखान्याचं वाक्य बघा: "मे दुएले ला मुएला." मुएला म्हणजे दाढ. मला दुखते दाढ. हाच साचा. हे वाक्य तुम्ही इंग्रजीत नेलंत की मेलात.

दुसरं. "बेओ ला कासा", मी घर पाहते. "बेओ आ मि एर्माना", मी बहिणीला पाहते. माणूस आला की मधे 'आ' घालायचा. का, हे पुस्तकात पानभर समजावलेलं असतं. आपण 'घर पाहते' म्हणतो आणि 'बहिणीला पाहते' म्हणतो, कोणी शिकवलं होतं? तो 'आ' म्हणजे आपला 'ला', एवढंच धरा. शंभरातली पाच-दहा उदाहरणं निसटतील, निसटू देत.

तू आणि उस्तेद म्हणजे तू आणि तुम्ही. दवाखान्यात आजीला उस्तेदच. (उस्तेदचं क्रियापद 'तो-ती'चं घेतात, म्हणजे आब्ला. तुमचं आब्ला वाया गेलेलं नाही, फक्त समोरच्याला लावा.) स्पेनमध्ये आणखी एक 'बोसोत्रोस' असतं, तुमच्याकडे मेक्सिकन पेशंट, तेव्हा त्याकडे ढुंकूनही बघू नका. 'यो' प्रत्येक वेळी म्हणायची गरज नाही, नुसतं आब्लो पुरतं, जसं आपण 'येते हं' म्हणतो.

उच्चारात तर तुम्ही वर्गात पहिल्या असायला हव्यात. त आणि द आपल्यासारखेच दातांवरचे. स्वर पाच, स्वच्छ, आ ए इ ओ उ. शेपटीवाला एन म्हणजे न्याहारीतला न्य. आणि 'पेरो' म्हणजे पण, 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. हा र्र अमेरिकनांना वर्ष वर्ष येत नाही. तुम्ही लहानपणी चिमणी भुर्र उडवली आहे ना? तोच र्र.

आता मराठी जिथे दगा देते ते.

एक तुम्ही स्वतः भोगलंत. आपलं क्रियापद बाई-पुरुष बघतं, त्यांचं बघत नाही. विशेषणं मात्र बघतात. दमलेली बाई 'कान्सादा', दमलेला बुवा 'कान्सादो'.

दोन, जोर. मराठीत शब्दावर कुठेही आघात द्या, अर्थ बदलत नाही, म्हणून आपल्या कानाला तो ऐकूच येत नाही. 'आब्लो'त पहिल्यावर जोर दिला तर मी बोलते, दुसऱ्यावर दिला तर तो बोलला. पाठ करताना टेबलावर टिचकी मारा, जोराच्या जागी. विद्यार्थी हसतात, पण महिन्यात फरक पडतो.

तीन, सेर आणि एस्तार. दोन्हीचं मराठी 'असणे'. पुस्तक सांगेल की कायमचं ते सेर, तात्पुरतं ते एस्तार. हा नियम ज्यानं काढला त्याला मी एकच विचारतो, मेलेला माणूस? "एस्ता मुएर्तो". एस्तार! मरणाहून कायमचं काय असतं? त्यापेक्षा असं बघा: सेर म्हणजे ते काय आहे, एस्तार म्हणजे ते कुठल्या अवस्थेत किंवा कुठे आहे. "एस लिस्तो" म्हणजे हुशार आहे, "एस्ता लिस्तो" म्हणजे तयार आहे. दवाखाना कुठे आहे, एस्तार. पण लग्न कुठे आहे, सेर, कारण समारंभ 'असतो' म्हणजे 'होतो'. इथे मराठीची मदत नाही, घोकावं लागेल.

आणि पुढच्या सत्राचं आमिष म्हणून एक देतो. पेला फुटला तर इंग्रजीत 'मी पाडला'. स्पॅनिश म्हणतं "से मे कायो एल बासो", आपण म्हणतो 'माझ्या हातून पेला पडला'. दोष पेल्याचा.

---

सुका_बोंबील | ५ सप्टेंबर, सकाळी ८:४५ (वसई)

बोरूबहाद्दर सरांनी व्याकरण सांगितलं, मी फक्त बाजाराचं सांगतो. आमच्या वसईत पोर्तुगीज दोनशे वर्षं होते, १७३९ साली चिमाजीअप्पांनी काढले, पण शब्द राहिले ते राहिलेच. पोर्तुगीज म्हणजे स्पॅनिशची सख्खी बहीण, तेव्हा ताई, तुमच्या स्वयंपाकघरात बरंच स्पॅनिश आधीच आहे.

पगार: तिकडे पागार म्हणजे पैसे चुकते करणे. पाव: पान. बिजागरी: बिसाग्रा. मिस्त्री: माएस्त्रो. चावी पोर्तुगीजमध्ये शावे, स्पॅनिशमध्ये यावे. हे शावे-यावेचं एक सूत्र आहे, लॅटिनमधला क्ल किंवा प्ल इकडे श झाला, तिकडे य झाला. पाऊस शुवा, तिकडे युबिया. हाक मारणे शामार, तिकडे यामार. तुमच्या वर्गातलं पहिलं वाक्य "मे यामो अमुक", मी स्वतःला अमुक म्हणवते, त्यातलंच ते.

बटाटा मात्र फसवेल. स्पेनमध्ये पाताता, पण मेक्सिकोत पापा, म्हणजे तुमचे वडील. आणि काजू! काजू मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी गोव्यात आणला. मेक्सिकोत त्याला काय म्हणतात? 'नुएस दे ला इंदिया', म्हणजे हिंदुस्थानचा सुकामेवा. आपण त्यांचं घेतलं आणि त्यांनी नाव आपलं दिलं.

मेक्सिकन किराणा दुकानात जात असाल तर 'बेर्दोलागास' शोधा. घोळाची भाजी आहे ती. तीच, लालसर देठाची.

---

मिरजवाली | २६ ऑक्टोबर, रात्री ९:२०

उशिरा येतेय, माफ करा. सोडलं नाही. P/NP केलं. मिडटर्मला ७९ आले, त्यातले सहा मार्क जोराच्या चिन्हांत गेले.

बोरूबहाद्दर सर, तुमची पोस्ट छापून फ्रिजवर लावली आहे. गुस्तारच्या धड्याला खरंच वर्ग आडवा झाला. बाई चौथ्यांदा समजावत होत्या आणि मी एकटी पटापट फळ्यावर लिहीत होते. कॉफी मशीनवाल्यानं विचारलं, तुला हे कसं येतं? मी म्हटलं, माझ्या भाषेत असंच आहे. तो म्हणाला, इंडियनमध्ये? आता त्याला शिकवायला आणखी एक विषय मिळाला. टेबलावर टिचक्या मारते म्हणून मात्र नवरा जेवताना वैतागतो. सेर-एस्तार अजून लटपटतं. परवा एका पेशंटला "डॉक्टर तयार आहेत" म्हणायला गेले आणि "डॉक्टर हुशार आहेत" म्हणून बसले. डॉक्टर मागेच उभे होते. खूश झाले.

सुका_बोंबील, घोळ मिळाली! दुकानात गड्डी हातात धरून उभी राहिले, शेजारची बाई म्हणाली ते डुकराच्या मटणाबरोबर हिरव्या रश्श्यात करतात. मी सांगितलं आम्ही डाळ घालून करतो, लसणाची फोडणी. डाळ म्हणजे 'लेंतेहास' एवढंच सुचलं, ते मसुराचं झालं, पण चाललं. फोडणीला शब्द सापडला नाही. हातानं तडतड करून दाखवलं.

आणि गेल्या आठवड्यात फोन आला, असिस्टंट आत होती, मी उचलला. "तिएने सिता?" पलीकडून जे धबधब्यासारखं आलं त्यातलं मला 'मुएला' कळलं, 'मि मामा' (माझी आई) कळलं आणि 'मार्तेस' कळलं. मंगळवार. मी फार शांतपणे, उस्तेद वापरून, मंगळवारी सकाळी सव्वादहाची वेळ दिली, नाव लिहून घेतलं, स्पेलिंग विचारलं. फोन ठेवल्यावर कोणीतरी बघतंय का म्हणून इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं.

मंगळवारी सव्वादहाला दोघी आल्या. आई आणि लेक, दोघींच्या दाढा. 'दोस' (दोन) निसटलं होतं माझ्या हातून. एकच खुर्ची रिकामी. लेकीला पावणेबाराला बसवलं, तोवर ती माझ्यासमोर गालावर हात धरून बसली होती, आणि मला त्यातलं निम्मं कळत होतं.

---

उंटावरचा_शहाणा | २६ ऑक्टोबर, रात्री ११:०५

घोळीत डाळ कुठली घालता? मूग की तूर?

---

मिरजवाली | २७ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

तूर. आणि शिजताना मूठभर शेंगदाणे. तिकडे त्यांना काकाउआते म्हणतात, पण तुम्ही ॲपला विचारा.